आईचं निळं भांडं

आई,

फोनवर तू रडतेस आणि सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितोय. जेवण पोटभर मिळतं. गुडघा ठीक आहे. सामन्याआधी डॉक्टर एक सुई टोचतात, मग दुखणं कळतच नाही.

शनिवारी कोच रेडिकच्या कॉलेजशी सामना झाला. मी शाळेच्या फुटबॉल संघात धावत होतो तेव्हा मला त्याच्या कॉलेजच्या संघात घ्यायचं म्हणून तो आपल्याकडे जेवायला आला होता, आठवतं? "बाई, पोरगा आता माझा," म्हणत त्याने तुझं पीच कॉबलर, ते पीचचं गोड भाजलेलं, दोनदा वाढून घेतलं आणि उरलेलं तुझ्या निळ्या भांड्यासकट उचलून नेलं. महिनाभराने माझा गुडघा गेला, तर त्याने तुझा फोनसुद्धा घेतला नाही.

इथे, या दुसऱ्या कॉलेजात, पहिलं वर्ष मी राखीव खेळाडूंच्या बाकावर काढलं. शनिवारी मात्र चेंडू छातीशी धरून तीनदा त्याच्या पोरांना आडवं करून गोलरेषा ओलांडली. तिसऱ्यांदा मुद्दाम त्याच्या नाकासमोरून पळालो.

सामना संपल्यावर तो हात पुढे करत आला. "शाब्बास! आई कशी आहे?"

मी हात दिलाच नाही. कॅमेऱ्यांसमोर विचारलं, "तिचं भांडं कुठंय?"

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं!

काल त्याचं पार्सल आलं. भांडं निळंच, पण कोरं करकरीत. आपल्या भांड्याचा टवका उडालेला आहे. ते नवं तसंच परत पाठवलं.

धाकट्या कीशाचा खोकला गेला का?

पुढच्या वर्षी सामना त्याच्या मैदानावर आहे. गुडघा तोवर टिकवतोच. तुम्ही दोघी या. कॉबलर आण. त्याच्यादेखत आपण तिघं खाऊ आणि या वेळी भांडं आपणच घरी नेऊ.

तुझाच, त्याचा कधीच नाही,
टायरेल