अप्पांची डावी बाजू

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ९ ऑक्टोबर १९७८

ती. अण्णांस, ईरप्पाचा शि. सा. न. वि. वि.

आजच्या तारखेला खरं काय लागलं ते आधी सांगतो: दुकान अर्धा दिवस बंद, वकिलांच्या कारकुनाला दोनदा भजी, आणि कोर्टाच्या व्हरांड्यातून गेलेली माझी नवी चप्पल. मिळाली पुढची तारीख.

पण घाबरू नका. प्रांतसाहेबांनी आपल्यात नि शिवयोगीत दंगा होईल म्हणून आपलं शेत जप्त करून तहसीलदाराकडे दिलं, तो हुकूम सेशन कोर्टात टिकत नाही. चहाच्या गाड्यावर शिवयोगीचा वकीलच त्याला म्हणत होता, की पावसाळ्यापासून तिथं साधी शिवीगाळ नाही, जप्ती कशावर टिकवू? मी पाठमोरा उभा. सोलापूरच्या कोर्टात माझ्या कानाबाहेर पान हलत नाही, अण्णा. शेत मोकळं झालंच समजा. अव्वाला सांगा, कार्तिकात तिला नेऊन शेतातल्या अप्पांच्या गद्दुगीवर, समाधीवर, दिवा लावतो.

वहिनींनी शेंगाचटणी पाठवावी, म्हणजे माया पोचली असं धरीन.

आपला,
ईरप्पा

मैंदर्गी, २० ऑक्टोबर

चि. ईरप्पास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अव्वाला दोनदा वाचून दाखवलं. तिची भूक गेली हाय. दुसरं काही मागत न्हाय. अप्पांना मातीत बसवलं त्याच्या डाव्या अंगाला तिनंच दोन दगड ठेवून आपली जागा धरलीया, तेवढीच मागती. पण पोलीस पाटील आत पाय टाकू देत न्हाय. शिवयोगी तरी कुटं आत जातो? सख्खे चुलतभाऊ आमी, दोन बांधांवरून गवत बघतो.

सिद्धम्मा विचारती, भावजी कोर्टाचे जावई झाले, तितं जेवायला घालतात का? चटणी पाठवलीया. तुझ्या चपलेचं ऐकून अव्वा हसली. लई दिसांनी.

आठवण ठेव, तब्येत जप.

तुझा,
रुद्रप्पा

मैंदर्गी, ७ नोव्हेंबर

चि. ईरप्पास आशीर्वाद.

लातूरच्या खरेदीवरून परतल्यावर तुला तार मिळंल. अव्वा काल सकाळी गेली.

मठाचे स्वामी म्हणाले, गावच्या रुद्रभूमीत, सगळ्यांना पुरतात तितंच बसवू. भावकीबी तेच म्हणाली. मीच तुझं पत्र काढलं, शेत मोकळं झालंय म्हणून सगळ्यांना वाचून दाखवलं. अव्वाला खुर्चीत बसवून, फुलं घालून, शेताकडं वाजत नेलं. बांधावर शिवयोगी हात जोडून आडवा. रडत होता. म्हणाला, काकू माझीबी हाय, पण आज तुमी हितं खड्डा घेतला की उद्या कोर्टात ताबा तुमचा म्हणाल. म्हणालो असतोच की.

मग कुणीतरी दगड टाकला. त्याच्या मेहुण्याचं डोकं फुटलं, पोलीस आले. अव्वा दुपारभर उन्हात बांधावर बसून होती. शेवटी रुद्रभूमीतच नेली.

तू ये. तोंडानं सांगवणार न्हाय म्हणून लिहिलं.

रुद्रप्पा

सोलापूर, २ डिसेंबर

ती. अण्णांस शि. सा. न.

गावी इतके दिवस राहिलो, पण तुमच्या नजरेला नजर देऊन त्या पत्राचं बोलणं झालं नाही. तुम्हीही काढलं नाहीत. काढायला हवं होतं.

परवा निकाल लागला. न्यायाधीशांनी सहा तारखेचा पोलिसांचा अहवाल पुढं घेतला. म्हणाले, प्रांतांची भीती खोटी नव्हती. दिवाणी कोर्ट हक्क ठरवीपर्यंत जप्ती कायम. वकील म्हणतात, दिवाणीला दहा-बारा वर्षं सहज. तुमचं वय धरून बघा, शिवयोगीचंही धरा. दोघांचाही नांगर त्यात चालायचा नाही.

अव्वाचे दोन दगड कुणी हलवू नयेत, एवढं तलाठ्याला सांगितलं. त्यानं विचारलं, कसले दगड? गवत छातीपर्यंत आहे.

वहिनींना नमस्कार. राग धरलात तरी चालेल, पत्र बंद करू नका.

आपला,
ईरप्पा

ता. क. निकालाच्या दिवशी कारकुनानं कानात सांगितलं होतं, आज आपल्या केसचा पुकारा होत नाही. म्हणून मी दुकानात होतो. निकाल मला शिवयोगीनं दुकानात येऊन सांगितला.