आपल्या माणसाची लाज

म्झिंबा, ६ मे

प्रिय तावोंगाताईस,
सा. न. वि. वि.

बुधवारी आमच्या दवाखान्याची गाडी कापोपोच्या शाळेत येतेय. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग व्हायच्या आधीच पकडायचा. व्हिनेगर लावून पाहायचं, पांढरा डाग दिसला तर तिथल्या तिथे जाळायचा, आणि बाई आपल्या पायांनी घरी. मी सांगून बायका ऐकायच्या नाहीत, त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेली पोर मी. तुझं ऐकतील. पहिला नंबर तू लाव.

माया कमी करू नकोस.
तुझी म्विझा

कापोपो, २० मे

चि. म्विझास ताईचे अ. उ. आ.

तुझी गाडी गेली तरी बोरिंगवर अजून तेच बोलणं. निम्म्या बायका म्हणत होत्या, दवाखानेवाले पिशवीच काढून नेतात. मी म्हटलं, नेऊन करतील काय, माझ्या म्विझाच्या खोलीत ठेवायला जागा तरी आहे का. हसत हसत रांगेत उभ्या राहिल्या. न्यागोंदवेचा डाग तू जाळलास, तर ती गावभर सांगत फिरते, चहा प्यायला याहून जास्त वेळ लागतो म्हणून. माझी मात्र नेमकी पाळी आडवी आली. पुढच्या खेपेला बघू. लेक लुसुंगू बाळाला घेऊन आलीय, मका काढायला हात लागतो. तू वेळेवर जेवत जा, गालफडं बसलीत.

आठवण ठेव.
ताई

म्झिंबा, ३ ऑक्टोबर

प्रिय ताई,

दवाखान्यातून तुला परतीच्या मिनीबसमध्ये बसवलं तेव्हापासून मला काही सुचत नाही. डॉक्टरांनी तुला सांगितलं तेच मलाही सांगितलं. फार पसरलंय, आता जाळण्यासारखं, कापण्यासारखं काही राहिलं नाही. दुखण्यावरच्या गोळ्या चुकवू नकोस.

लुसुंगू म्हणाली, मे महिन्यात ती तुझी पाळी नव्हतीच. आदल्या वर्षीच्या मक्यापासूनच मध्येच रक्त जात होतं. तेव्हा तपासलं असतं तरी उपाय झाला असता की नाही, मला माहीत नाही. पण गावभरच्या बायका तपासल्या मी, आणि तू माझ्यासमोर उभी होतीस. मला का नाही सांगितलंस? रागावले नाही. फक्त सांग.

तुझीच,
म्विझा

कापोपो, १९ ऑक्टोबर

चि. म्विझे,

अक्षर वाकडं आहे, समजून घे.

त्या दिवशी वर्गाच्या दारापर्यंत आले होते. पडद्याआड तू हातमोजे घालत होतीस. आई गेली तेव्हा तू रांगतही नव्हतीस, माझ्या पाठीवर मोठी झालीस. तुझ्यासमोर कमरेचं कापड सोडून कशी निजू? दुसरी कोणी नर्स असती तर निजले असते. पाळीचं म्हटलं, तू मान हलवलीस, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. याहून मोठं कारण नाही गं. असतं तर बरं वाटलं असतं.

गोळ्या घेते. बायका येऊन बसतात, न्यागोंदवे लापशी भरवते आणि माझ्याकडे बघत नाही.

आता एक कर. लुसुंगू पुढच्या गाडीला नक्की येईल, मी वचन घेतलंय. पण तिला तू तपासू नकोस. ती तुला धाकटी आई म्हणते, तीही दारातून परतेल. लांबच्या गावची, तिच्या ओळखीची नसलेली नर्स बघ. तू बाळाला घेऊन बाहेर बस.

माझ्यावर केलीस तेवढी माया आता त्या दोघांवर कर.
ताई