चुडामणचे डावे पाऊल

मुंबई, १९ जानेवारी १९५९

तीर्थरूप बापूंच्या चरणी पुरुषोत्तमचा साष्टांग नमस्कार.

चुडामणचा ताप उतरला असून तो थोडे जेवू लागला आहे. परिचारिका दर दोन तासांनी त्याची कूस बदलतात. चादरीला सुरकुती राहिली, तर मी ती पुन्हा घालायला लावतो.

विहिरीत पडून त्याचा कणा मोडला, त्यावर इलाज नाही. टाचेची जखम मात्र घरच्या शेकाने झाली. बधिर पायांना तापल्या विटेचा चटका कळत नाही, हे घरात कोणालाच उमगले नाही. जखम हाडापर्यंत गेली आहे. डावे पाऊल परवा काढणार. संमतीची सही मी केली.

हा अडाणीपणा कोणाचा, असे मी त्याला रागाने विचारले. तो म्हणाला, "भाऊ, मायले काही बोलू नको. शेकताना तिनी रोज इचारं, 'बेटा, बरं वाटस का?' मीच हाव म्हनं."

आई नीट जेवते का? हे पत्र तिच्यासमोर वाचू नये. आजवर मी आपणांस एक अक्षरही असत्य लिहिले नाही. पाऊल का काढले, असे तिने विचारल्यास मात्र, पडतानाच ते आतून चिरडले होते, असे सांगावे.

आपला आज्ञाधारक,
पुरुषोत्तम