बांचा खांदा

प्रिय पंचदादा,

बांची तब्येत होती तशीच आहे. भात नको म्हणतात, पेज घेतात. डॉक्टर आता औषधं बदलत नाहीत, त्यावरून काय ते समज. तुला ऑस्ट्रेलियातून लगेच निघता येत नाही हे मला ठाऊक आहे.

नदीकाठची मी आखलेली दहनशाळा उभी राहिली. बंद चितेला लाकूड निम्म्याहून कमी लागतं, धूर वस्तीत येत नाही. बागमती काठापासून दूर सरकली, म्हणून दगडी तोटीच्या धारेचं पाणी पाटाने आत आणलं. अग्नीआधी माणसाचे पाय पाण्याला लागायला हवेत ना. पहिला आराखडा दाखवला तेव्हा बा पोट धरून हसले होते. ‘नानी पोरी, चितेची पाठ भिंतीला लावलीस! फेरे काय छपरावरून घालायचे?’ आपल्या घरच्या बायका चौकातूनच मागे फिरतात. मी दहन कधी पाहिलंच नव्हतं, आणि कुणाला विचारायचंही सुचलं नव्हतं. मग चिता मध्यभागी घेतली. तरी अजून तिथे कुणी आपलं माणूस आणलेलं नाही.

काल तीर्थमानकाका आले. आपल्या मयतांचं सगळं करणाऱ्या गुठीत आता तेच थोरले. घरी गाळलेल्या ऐल्याचा पेला घेऊन उशाशी बसले. बा म्हणाले, मला नानीच्या तिथे न्या. काका भडकले, ‘भट्टी पाव भाजायला असते रे, आपल्या माणसाला नाही!’ ‘मग कसा भाजलो ते तुला येऊन सांगतो,’ बा म्हणाले. दोघंही हसले. पण दारात काका मला म्हणाले, ‘गुठीच्या घाटाबाहेर नेलंत तर गुठीचा खांदा नाही. नियम मी केलेला नाही, पोरी.’

टोलातल्या घरोघरच्या प्रत्येक मयताला बांनी खांदा दिला, अंगात ताप असतानाही. त्यांना भाड्याच्या गाडीतून न्यायचं? हे ते माझ्यासाठी करताहेत की त्यांना खरंच तिथे जायचंय, मला कळत नाही. विचारलं की डोळे मिटतात. आणि ‘तिथे न्या’ म्हणाले तेव्हा क्षणभर मला आनंद झाला, दादा. तेव्हापासून माझा माझ्यावरच भरवसा उरलेला नाही. फार दमले आहे.

म्हणून लिहिते आहे. मी नको म्हटलं तर म्हणतात, ‘स्वतःच्या कामाची लाज वाटते का तुला?’ तुझं ऐकतील. फोन कर, आणि जुन्या घाटावरच जायचं, गुठीच्या खांद्यावरून, असं थोरल्या मुलाच्या हक्काने सांग. मी लिहिलं हे कळू देऊ नकोस. दहनशाळा रिकामी राहिली तर राहू दे.

तुझीच,
पूर्णशोभा