पुतळ्याकडे पाठ

१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी तिन्ही पत्रं पोचली. भाऊजींचा गुडघा आता बरा असेल. आम्ही ठीक. हिची शिवणाची कामं जोरात आहेत. बागेत छाटलेल्या गुलाबांना नवा फुटवा आलाय.

तिन्ही पत्रांत तू एकच विचारलंस, आई न्यूमोनियाने गेली, पण तो झाला कशाने? मी लिहिलं, वय झालं होतं. वय झालं होतं हे खरं आहे. पण तुझ्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे.

खाणीच्या मालकांच्या पुतळ्याखाली काय कोरलंय ते तुला पाठ आहे. 'कामगारांचा कैवारी'. आग लागली तेव्हा कोळसा वाचवायला याच माणसाने खाणीचं तोंड बुजवायला लावलं, आणि आत बाबांसकट तेवीस जण होते. गेलं वर्षभर आई आणि त्या तेवीस घरांतल्या बायका रोज सकाळी आठला येऊन पुतळ्याकडे पाठ करून तासभर उभ्या राहायच्या. घोषणा नाहीत, फलक नाही. मागणी एवढीच, ती ओळ काढा आणि तेवीस नावं लिहा. शाळेची मुलं विचारायची, "आजी, तिकडे पाठ का?" आई म्हणायची, "मला त्याचं तोंड बघवत नाही, बाळा. तू जा, वाच, मग मला विचार काय झालं होतं ते."

मी पुतळ्याभोवतीच्या खाणीच्या बागेचा माळी. मला ती कधी म्हणाली नाही की तूही ये.

जानेवारीत खाणीच्या साहेबांनी बोलावलं. "उद्यापासून आठला फवारे सोडायचे. हिरवळीला पाणी घालायला कुणाची परवानगी लागत नाही."

मी म्हणालो, "साहेब, थंडी आहे. म्हाताऱ्या बायका आहेत."

"मग घरी बसतील. तुला बसायचंय का घरी?"

ताई, पंपघरातली फवाऱ्यांची चावी मी फिरवली.

वाटलं होतं, पळतील. चार-पाच जणी बाजूला झाल्या. आई हलली नाही. पुतळ्याकडे पाठ म्हणजे पंपघराकडे तोंड, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तासभर ती माझ्याकडे बघत भिजली. चावीवर हात माझाच होता, आणि मी ती बंद केली नाही.

घरी मी टॉवेल पुढे केला. तिने डोकं पुसलं आणि विचारलं, "जेवलास का?"

तिसऱ्या दिवशी ताप चढला. डॉक्टर म्हणाले, "आजी, एवढ्या कशाने गारठलात?" ती म्हणाली, "गार पाण्याने अंघोळ केली, हट्टाने." शेवटपर्यंत तेच सांगत राहिली. हिलाही तेवढंच ठाऊक आहे.

फवारे आता बंद आहेत. ओळ तशीच आहे. बायका येतात, आईची जागा मोकळी सोडून उभ्या राहतात. सोमवारी मी कामाच्या कपड्यांतच जाऊन त्या जागेवर उभा राहिलो. शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, "इथे नको. टोकाला उभा राहा." मग थोड्या वेळाने, समोर बघतच, "आम्ही कुणाला बोललो नाही. तिने शपथ घातली होती."

म्हणजे सगळ्यांनीच पाहिलं होतं.

साहेबांनी मला कामावरून काढलंय. त्याचं काही नाही. मी रोज टोकाला उभा राहतो.

माफी मागायला लिहीत नाही. जिच्याकडे मागायची, तिने मला तशी वेळच येऊ दिली नाही. पुढच्या महिन्यात तू येणार होतीस. यायचं की नाही, ते आता तू ठरव.

तू अजून म्हणत असशील तर,
तुझा भाऊ