सेफ्टीपिनांची डबी

अहो,

मला लिहिता येत नाही, तुम्हाला ठाऊकच. मी सांगतेय, आपल्या बेबीची मेघा लिहितेय. आजच सांगायला हवं, कारण उद्या सकाळी मला डबी भरून द्यायचीय. थुंकीची. तुम्हाला दवाखान्यातून दिली होती, तसलीच.

तीन आठवडे खोकतेय. मेघाला म्हटलं, गिरणीचा खोकला आहे, गूळ दे. म्हणते, "आजी, तू गिरणीत कधी गेलीस?" म्हटलं, "नवरा जायचा ना, त्याच्या कपड्यांतून आला असेल." हसली नाही मेली. तिची छकुली माझ्या कुशीत निजते ना.

डॉक्टरीण म्हणजे पोरगीच. "घरात कुणाला टीबी होता?"

"नाही. ह्यांना कापसाचा खोकला होता."

"कुणी सांगितलं?"

"अख्ख्या चाळीनं."

"आजी, चाळीनं अंदाज केला. निदान म्हणजे थुंकी तपासून, छातीचा फोटो काढून आजार नक्की ओळखायचा. कापसाच्या धुळीनंही माणूस खोकतो, टीबीनंही. औषध मात्र वेगळं."

तुमच्या छातीत काय होतं हो? कुणालाच माहीत नाही. ते माझ्यामुळे.

तुमची डबी कुठे गेली, तुम्ही तेव्हा विचारलंत. मी म्हटलं, उंदरानं नेली. उंदीर मीच. बेबीला बघायला पाहुणे यायचे होते. ती डबी हातात घेऊन तुम्ही गॅलरीतून गेला असतात, तर जिना उतरेपर्यंत सोयरीक मोडली असती. मी तिच्यात सेफ्टीपिना भरल्या. अजून आहेत.

पण तुम्ही पुन्हा का नाही विचारलंत? एरवी चहात साखर कमी पडली तर तीनदा सांगायचात! गूळ चघळत राहिलात. लग्नात उभे राहिलात, आणि दिवाळी काही बघितली नाहीत.

मेघाचा हात थांबलाय. तिला हे आजच कळतंय. लिही गं, त्याच लग्नाची तू.

भीती वाटते. माझी नाही, छकुलीची. आज तिला मेघाच्या अंथरुणात निजवलंय. ती तिकडून हाका मारतेय, मी ओ देत नाही.

उद्या डबी पदराखाली घेणार नाही. हातात धरून सगळ्या दारांपुढून जाईन. कुणी विचारलं तर कशाची ते सांगेन, आणि तुमची मी लपवली होती, तेही सांगेन.

तुमची,
सुलोचना
(अक्षर नातीचं, अंगठा माझा)