सगळ्या ओळी हिरव्या

२ मार्च, गुरुवार
आजपासून रोज डायरी. पहाटे उठणं उद्यापासून.
दंतवैद्यांच्या पेशंटना अपॉइंटमेंटची आठवण पाठवणारा प्रोग्रॅम आहे आमच्या कंपनीचा. मॅनेजरबाईंनी फर्मान काढलं: कोड कव्हरेज ४१ टक्के आहे, महिनाअखेर १०० हवं. म्हणजे टेस्ट चालवताना प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीला एकदा तरी हात लागला पाहिजे. हात लागलेली ओळ हिरवी, न लागलेली लाल. काम माझ्याकडे आलं. बाकी सगळे खाली बघत होते. विश्वास म्हणतात तो हाच.

५ मार्च, रविवार, संध्या. ५.१०
ठकूला फोन. लेक वर्षभर आईकडे असते, दुसऱ्या शहरात. दर रविवारी पाच वाजता माझा फोन. चार मिनिटांत बोलणं संपलं. बारा वर्षांच्या मुलीला काय विचारतात, कोणी सांगेल तर बरं होईल.
तिचा आवाज बोबडा येत होता. नेटवर्क भिकार.

७ मार्च, मंगळवार
५८ टक्के. लाल ओळींमुळे एक खरंच कळलं. रद्द केलेली अपॉइंटमेंट पुन्हा घेतली की प्रोग्रॅम तोंडावर आपटायचा. आजवर तिकडे कोणी फिरकलंच नव्हतं. दुरुस्त केलं. कव्हरेज ही फार गुणी गोष्ट आहे.
जिना चढताना साक्षात्कार: ठकूचंही असंच आहे! मी तिच्या किती ओळींना हात लावतो? बसून यादी केली. शाळा, मैत्रिणी, जेवण, झोप, पोहणं, दात, चष्मा... एकूण बावीस प्रश्न. गेल्या रविवारी विचारले तीन. १४ टक्के. लाज वाटली.

१२ मार्च, रविवार
नऊ प्रश्न. ४१ टक्के! ठकूने प्रत्येकाला 'हं' म्हटलं. आवाज तसाच. फोन कंपनीकडे कडक शब्दांत तक्रार नोंदवली.

१६ मार्च, गुरुवार
७९ वर गाडी अडली होती. युक्ती सापडली. टेस्टमध्ये ओळ नुसती चालवायची, उत्तर बरोबर आलं का ते तपासायचंच नाही. तरी हिरवी होते.
नवी टेस्टर आली आहे, तिला आम्ही शंकासूर म्हणतो. ती म्हणाली, हे म्हणजे वही न उघडताच बरोबरची खूण करण्यासारखं आहे. लहान तोंडी मोठा घास. मी तिला टार्गेट दाखवलं.

१९ मार्च, रविवार
यादी समोर, पेन हातात. अठरा प्रश्न. दात नीट घासतेस ना? हं. टिक. मधेच ती 'बाबा, मला ना' असं काहीतरी सुरू करत होती. म्हटलं थांब, अजून चार राहिलेत. तेवढ्यात तिची मैत्रीण आली, ते चार राहिलेच. फोन ठेवताना विचारलं, काय सांगत होतीस, तर म्हणाली काही नाही. ८२ टक्के.

२४ मार्च, शुक्रवार
तिच्या आईचा मेसेज. सुट्टीत ठकू आठ दिवस माझ्याकडे! मेसेज सहा वेळा वाचला. जमलं तर दर सुट्टीत येईल, असंही लिहिलंय. 'जमलं तर' म्हणजे काय? जमणारच. पडदे धुवायचे.

२६ मार्च, रविवार
बावीसच्या बावीस. सव्वातीन मिनिटांत.

३१ मार्च, शुक्रवार
ऑफिसातही शंभर. टाळ्या. संध्याकाळी कोणाला तरी सांगावंसं वाटलं. लिफ्टपाशी शेजारी भेटले, त्यांना सांगितलं. 'वा' म्हणाले आणि जिन्याने गेले.

७ एप्रिल, शुक्रवार
ठकूच्या आवडीची खरेदी: मक्याची कणसं, खारे शेंगदाणे, कडक टॉफी. लहानपणी टॉफी दाढेखाली कडकन फोडून माझ्याकडे बघायची. पडदे राहिले.

८ एप्रिल, शनिवार
ठकू बसमधून उतरली, हसली. तोंडभर तारा. दात सरळ करायला फेब्रुवारीतच बसवल्यात. कणीस, शेंगदाणे, टॉफी, सगळं बंद. फोन कंपनीचा विनाकारण उद्धार झाला.
सांगितलं का नाहीस, विचारलं. म्हणाली, "सांगत होते की. तुझे चार राहिले होते."
रात्री दोघांनी खिचडीसारखा मऊ भात खाल्ला.

९ एप्रिल, रविवार
टेबलाच्या खणात तिला यादी सापडली. तारखा, टिका, टक्के. बराच वेळ बघत होती. मला वाटलं खूश होईल.
"उत्तरं कुठे लिहिलीस, बाबा?"
मी चहा टाकायला उठलो.

१० एप्रिल, सोमवार
प्रोग्रॅमने सगळ्या आठवणी एक दिवस उशिरा पाठवल्या. दवाखाने ओस, पेशंट संतापलेले. बिघडलेली ओळ छान हिरवी होती. शंकासूर शेजारी खुर्ची ओढून बसली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. खऱ्या तपासण्या घातल्या, तर एकसष्ट टेस्ट नापास. घरी पोचायला नऊ. ठकू दिवसभर एकटी.

१२ एप्रिल, बुधवार
आज तिला बसमध्ये बसवलं. तिनेच आईला फोन केला होता. आठपैकी चार दिवस, म्हणजे पन्नास टक्के. पहिल्या प्रयत्नाला वाईट नाही.
घर फार मोठं वाटतंय.

१४ एप्रिल, शुक्रवार
टॉफी वाया कशाला घालवायची म्हणून एक फोडली. दाढेचा तुकडा पडला. गाल सुजलाय. दंतवैद्याची वेळ घेतली.

१६ एप्रिल, रविवार, संध्या. ५.०५
यादी फाडली. एकच प्रश्न विचारायचा आणि ऐकायचं, असं ठरवलं होतं. त्या दिवशी मी थांबवलं तेव्हा तारांचंच सांगत होतीस की आणखी काही? म्हणाली, आता आठवत नाही.
मग तिनेच विचारलं, दुपारी जेवलास का?
दाढेमुळे दोन दिवस धड जेवलो नाहीये. हं म्हटलं.
ती म्हणाली, बाबा, तुझा आवाज बोबडा येतोय, नेटवर्क असेल.
मी म्हटलं, हं.